कोल्हापुरात राहायचं कुठं आणि फिरायचं कसं: कणकवलीहून कोर्टाच्या कामाला येणारीचा रिव्ह्यू

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि आमची मुंबईची वारी सुटली. आमचं जमिनीचं सेकंड अपील आहे, ते काय आहे ते जाऊदे, आमच्याकडे प्रत्येक घरात एक असतंच. तर आता मी आणि बाबा अधूनमधून कोल्हापुरात असतो, आणि कणकवली-वैभववाडीकडचे ओळखीचे सगळे लॉज कुठलं, रिक्षा किती घेते, गाडी कुठं लावायची म्हणून मलाच फोन करतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. नुसतं फिरायला येणाऱ्यांना पण चालेल, कारण कोर्ट, अंबाबाई, भवानी मंडप, बिंदू चौक, खासबाग, रंकाळा सगळं एकमेकांना लागूनच आहे.

आधी मार्क देते मग कारणं. शहराच्या मधल्या भागात पायी फिरायला पाचपैकी साडेचार. राहायला तीन, ते पण जागा बघून घेतली तर. स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांना एक, आणि तो एक पण बिंदू चौकात पार्किंग आहे म्हणून.

कोल्हापुरात उतरायच्या जागेवरूनच लोकांचा घोळ होतो. पुण्या-मुंबईची, बेळगावची, सांगलीची एसटी सीबीएसला येते म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, तिथून रेल्वे स्टेशन चालत जाण्याएवढं जवळ, त्यामुळे तो सगळा स्टँड-स्टेशनचा एकच पट्टा समजा, शाहूपुरी म्हणतात त्याला. पण गगनबावड्याकडून वर चढलेल्या आपल्या कोकणातल्या गाड्या आधी रंकाळा स्टँडला थांबतात आणि देऊळ किंवा जुन्या शहरात काम असेल तर तिथंच उतरून मोकळं व्हायचं. आम्ही पहिल्यांदा इमानदारीत शेवटपर्यंत बसून राहिलो, गाडी अख्ख्या शहरातून वळसा घालत सीबीएसला गेली आणि मग रिक्षा करून तेवढंच अंतर परत. बाबा खिडकीतून बघत होते, म्हणाले, "ह्या तळा मगाशी बगलेला नाय रे आपण?" तर कंडक्टरला विचारून घ्या, तो सांगतो. फोंडा-राधानगरीच्या वाटेनं येणार असाल तरी तेच, कुठं कुठं थांबणार ते गाडीत बसतानाच विचारायचं. रेल्वेचं नाव काढू नका, कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे आम्ही लहानपणापासून पेपरात वाचतोय.

आता कोर्ट. हे नीट वाचा. रिक्षात बसून नुसतं "कोर्ट" म्हणालात तर तो तुम्हाला कसबा बावडा रोडला नव्या न्यायसंकुलात नेऊन सोडेल, कारण जिल्हा कोर्ट तिकडं गेलंय. सर्किट बेंच आहे जुन्या जिल्हा कोर्टाच्या इमारतीत, भाऊसिंगजी रोडला, सीपीआर हॉस्पिटलच्या समोर. तर "सीपीआरसमोर, सर्किट बेंच" एवढं म्हणायचं. वकिलांनी हे बेंच चाळीसेक वर्षं मागितलं होतं आणि पुढं शेंडा पार्कात मोठी इमारत व्हायची आहे म्हणतात, ती होईपर्यंत मात्र हायकोर्ट ऐन बाजारपेठेच्या तोंडाशी आहे आणि त्याचा परिणाम थेट लॉजवर झालाय. पूर्वी इथं शनिवार-रविवार भाविकांची गर्दी आणि मधले वार मोकळे असायचे. आता मधल्या वारी काळे कोट आणि त्यांच्या मागे फायली धरून आमच्यासारखे पक्षकार, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग सगळे इथंच येणार. म्हणजे आता मोकळा वारच उरला नाही.

राहण्याचं सांगते. मोठी चूक जी सगळे करतात ती म्हणजे देवळाच्या दारात खोली घेणं. ऐकायला छान वाटतं की उठलो, आंघोळ केली, दर्शन घेतलं. मी आईला घेऊन आले होते तेव्हा आईच्या हट्टाने तसंच केलं, नाव सांगत नाही. ॲपवरच्या फोटोत खोली ऐसपैस दिसत होती, तो फोटो बहुतेक कपाटावर चढून काढलेला असणार. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि जिना जुन्या घराचा, एकेक पायरी गुडघ्याएवढी. ॲपवर "फ्री पार्किंग" होतं. मामेभाऊ गाडी घेऊन आला होता, त्याने काउंटरवर विचारलं तर तिथले काका शांतपणे म्हणाले, "पार्किंग हाय की, बिंदू चौकात." म्हणजे सार्वजनिक. म्हणजे पैसे देऊन. चादरी स्वच्छ होत्या हे खरं, आणि पाणी पण चोवीस तास होतं, पण खाली रस्त्यावर रात्री अकरापर्यंत विक्रेते आणि पहाटे देवळाची घंटा, मधल्या वेळात कुणीतरी शटर ओढतंय, कुणीतरी रिव्हर्स घेतंय. आईला मात्र आवडलं. पहाटे दर्शन करून परत येऊन झोपली ती दहाला उठली. त्यामुळे निव्वळ देवीसाठी येणार असाल, बरोबर गाडी नाही, गुडघे शाबूत आहेत, तर घ्या देवळाजवळ. त्या भागात धर्मशाळा आणि यात्री निवास पण आहेत, लॉजपेक्षा स्वस्त, फक्त सणावाराला आधीपासून भरलेले असतात.

दर हा वेगळाच प्रकार आहे. मंगळवार, शुक्रवार देवीचे वार म्हणून चढा, शनिवार-रविवार सुट्टी म्हणून चढा, नवरात्रात तर विचारूच नका. त्यात किरणोत्सव. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीचं ऊन महाद्वारातून सरळ आत येऊन मूर्तीपर्यंत पोचतं, पहिल्या दिवशी पायावर आणि मग वर वर, ढग नसले तर. पश्चिमेकडून रंकाळ्याच्या बाजूने किरण यायचे म्हणजे वाटेत उंच बिल्डिंग नको, त्यामुळे महाद्वाराच्या समोरच्या बांधकामांवरून दरवर्षी चर्चा होते. बघायला भारीच असणार, आम्हाला गर्दीत नीट दिसलं नाही. पण त्या संध्याकाळी तुम्हाला फक्त आपलं काम करून खोलीवर जायचं असेल तर महाद्वार रोड सोडून लांबून जा. साधी नॉन-एसी खोली मला मधल्या वारी हजार-बाराशेपर्यंत मिळालीये आणि तशीच खोली चढ्या वाराला दुप्पट ऐकलीये, फोनवरच विचारून घ्या आणि चेकआऊट चोवीस तासांचं की दुपारी बाराचं ते पण, कारण दोन्ही पद्धती चालतात आणि पहाटेच्या गाडीने पोचणाऱ्याचं त्यात अर्ध्या दिवसाचं भाडं जातं.

दुसरा पर्याय स्टँड-स्टेशनचा पट्टा. इथं लॉज पायलीला पन्नास. रात्री उशिरा पोचलात किंवा पहाटेची गाडी पकडायची असेल तर हेच बरं. पण एक गोष्ट, पत्ता नीट लिहून घ्या. शाहूपुरीत पण पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली असं असतं आणि राजारामपुरीत पण असंच, आणि मधे रेल्वे. नुसतं "तिसरी गल्ली" म्हणून निघालात तर परीख पुलाखालून पलीकडं जाऊन परत यावं लागतं, पावसाळ्यात त्या पुलाखाली पाणी साचलेलं असलं तर आणखी मजा. शाहूपुरीत आम्ही राहिलो त्या लॉजवर गरम पाणी सहा ते नऊ, नवाला पाच कमी असताना पोरगा मजल्यावर येऊन ओरडून जायचा "गरम पाणी बंद व्हायलंय," की सगळ्या खोल्यांतून एकदम बादल्या वाजायच्या. आधार कार्डाची झेरॉक्स आपली आपण आणायची. आणि मी एकदा एकटी आले होते तेव्हा काउंटरवर "संगट घरचं कोण हाय का?" झालंच. कोर्टाच्या कामाला आलेय म्हटल्यावर मात्र माणूस एकदम बदलला, कुठला वकील, केस कसली, त्याच्या चुलत्याची पण जमिनीचीच, असं करत चहा मागवला. चांगला होता बिचारा. फक्त दरवाजाची आतली कडी सैल होती, मी खुर्ची लावून झोपले. एकट्या बायकांनी खोली घेण्याआधी कडी आणि बाथरूमची खिडकी एवढं बघाच.

लक्ष्मीपुरी हा तिसरा भाग, व्यापाऱ्यांचा. धान्याचा बाजार आहे त्यामुळे सकाळी हमाल, ट्रक, पोती, आणि रविवारी बाजार भरतो तेव्हा रस्ता विसरा. पण लॉज आणि खानावळी दोन्ही रास्त, आणि मधोमध, इकडे स्टँड चालत पंधरा-वीस मिनिटं, तिकडे सीपीआर दहा-बारा मिनिटं. आम्ही आता दसरा चौक ते लक्ष्मीपुरी याच टापूत राहतो. एक लॉज सापडलंय, तळमजल्यावर खोली देतात म्हणून बाबांना जिना चढावा लागत नाही, गरम पाणी कधीही, मालक स्वतः बसतात आणि सामान ठेवून जा म्हणतात. नाव लिहित नाही कारण बाराच खोल्या आहेत आणि पुढच्या तारखेला त्यातली एक मला लागणार आहे.

(दसरा चौकात उभं राहून आजूबाजूला पाट्या वाचा एकदा. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाच्या पोरांसाठी शहरात वसतिगृहं उभी करायला घेतली, खेड्यातून शिकायला आलेल्याने रात्री टेकायचं कुठं हा प्रश्न त्यांना तेव्हा पडला होता. सव्वाशे वर्षांनी मी तोच प्रश्न ॲपवर फिल्टर लावून सोडवतेय.)

पैसे असतील तर ताराबाई पार्क, राजारामपुरी आणि हायवेच्या तोंडाला ताराराणी चौकाच्या आसपास चांगली हॉटेलं आहेत, लिफ्ट, पार्किंग, नाश्ता सगळं. ताराराणी चौकाला जुनी माणसं कावळा नाकाच म्हणतात. मामेभाऊ तिकडं राहतो, त्याला आवडतं. पण मग शहरात यायला प्रत्येक वेळी रिक्षा, आणि संध्याकाळी सहज खाली उतरून एक चक्कर मारली असं होत नाही. मला ते पटत नाही, कोल्हापुरात येऊन हायवेला झोपायचं तर कणकवलीत पण हायवे आहे.

आता फिरणं. माझं मत स्पष्ट आहे, दसरा चौकाच्या अलीकडे गाडी सोडा आणि चाला. दसरा चौकातून सीपीआर, तिथून भाऊसिंगजी रोडने माळकर तिकटी, महापालिका, शिवाजी चौक आणि लगेच भवानी मंडप. म्हाताऱ्या माणसाच्या चालीने पण अर्धा-पाऊण तासात होतं, मधे उसाचा रस पिऊन. याच रस्त्याला गाडीने गेलात तर वन-वे, रिक्षा, मधेच थांबलेला हातगाडा आणि पार्किंग शोधत फिरणारे एमएच १२ वाले, म्हणजे चालणारा आधी पोचतो. आमच्या समोरच एक गाडी होती, आम्ही चालत होतो, शिवाजी चौकात बघतो तर ती आमच्या मागे.

रिक्षांबद्दल लोक तक्रार करतात, माझा अनुभव मिक्स आहे पण चांगलाच जास्त. मीटरची अपेक्षा ठेवू नका, बसायच्या आधी ठरवा, स्टँडच्या बाहेर पहिला आकडा जास्तच येतो, थोडं पुढं चालत येऊन धरलेली रिक्षा स्वस्त पडते. ॲपवाल्या गाड्यांच्या भरवशावर राहू नका. पण एक किस्सा सांगते. दसरा चौकात बाबा दमले म्हणून रिक्षाला हात केला, रिक्षा कसली, आतून निळा दिवा, आरशाला झालरी, मागं "जगात भारी" लिहिलेलं, इथं रिक्षा सजवायच्या स्पर्धा होतात त्यातली असणार. म्हटलं सर्किट बेंच. तो म्हणाला, "आवो ताई, ह्यो म्होरं सीपीआर दिसतोय न्हवं? तेवढ्याला कशाला रिक्षा, चालत जावा की." मी म्हटलं बाबांना त्रास होतो. तर बाबांकडे बघून, "मग बसा पावणं, पैशाचं काय न्हाई." आणि खरंच घेतले नाहीत, बाबांनी दोनदा खिशात हात घातला तरी. मग दुपारी दुसऱ्याने तेवढ्याच अंतराचे ऐंशी सांगितले, तर असं आहे ते.

केएमटीची सिटी बस आहे, शहराच्या मधल्या मध्ये फिरायला तिचा फारसा उपयोग नाही कारण अंतरंच छोटी आहेत, पण उपनगरात नातेवाईक असतील किंवा जवळच्या गावाला जायचं असेल तर स्वस्तात काम होतं. कुठली बस कुठून सुटते ते स्टॉपवरच्या माणसाला विचारा, कोल्हापुरात पत्ता विचारला की माणूस निम्म्या वाटेपर्यंत बरोबर येतो, हे खरंच आहे. पन्हाळ्याला एसटीने जा, वीसेक किलोमीटर, २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत आल्यापासून सुट्टीच्या दिवशी वर गाड्यांची रांग लागते, त्यामुळे स्वतःची गाडी तिकडं पण नकोच.

देवळाच्या चार दरवाजांचं लक्षात ठेवा, भेटायचं कुठं यावरून माणसं हरवतात. पश्चिमेला महाद्वार, उत्तरेला घाटी दरवाजा, दक्षिणेला विद्यापीठ हायस्कूलची बाजू म्हणून विद्यापीठ गेट, आणि चौथा पूर्व दरवाजा. "देवळाच्या गेटवर थांब" असं फोनवर म्हणू नका, आई विद्यापीठ गेटवर आणि मामेभाऊ घाटी दरवाजात, आणि दोघांचा पण आवाज की मी गेटवरच आहे. रांग मोठी असेल आणि वेळ कमी तर मुखदर्शनाची रांग वेगळी असते, लांबून होतं पण होतं.

महाद्वार रोड म्हणजे पापाची तिकटी ते बिनखांबी गणपती. कपडे, बांगड्या, भांडी, पूजेचं सामान, रस्त्यावर पण दुकान आणि दुकानात पण दुकान. सकाळी अकराच्या आधी गेलात तर माणसासारखं चालता येतं. संध्याकाळी आणि त्यातून रविवारी गेलात तर गर्दीच तुम्हाला चालवते. बाजूलाच गुजरी, सोन्याची, आई तिथं फक्त साज बघते आणि सुस्कारा सोडते. चपला देवळाच्या आसपास भरपूर दुकानांत, २०१९ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय कोल्हापुरीला आणि २०२५ मध्ये प्राडा या परदेशी कंपनीने तसलीच चप्पल दाखवली त्या प्रकरणानंतर दुकानदार तेच सांगून भाव चढा लावतात, "परदेशात लाखाला हाय ही." घासाघीस करा. तळवा वाकवून बघा, शिवण चामड्याची आहे का बघा, आणि पावसाळ्यात कोकणात घालायला घेऊ नका, बुरशी येते, आपल्याला माहितीये.

बिंदू चौकात पार्किंगला आलात तर दोन मिनिटं थांबून बघा, जुन्या तटबंदीचा तुकडा अजून उभा आहे आणि त्याच्या आडोशाला जेल आहे. चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे आहेत, १९५० साली बसवलेले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. तिथून खासबाग जवळच. कुस्तीचं मैदान, शाहू महाराजांनी १९१२ ला बांधलेलं, खोलगट, कुठूनही बसलं तरी आखाडा दिसतो. त्याला लागून केशवराव भोसले नाट्यगृह, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत गेलं, बाबांनी तरुणपणी तिथं नाटक बघितलेलं, ते बाहेर बराच वेळ उभे होते मग म्हणाले चल भेळ खाऊ. खासबागेत राजाभाऊंची भेळ, चांगली आहे, तिखट आहे, कांदा भरपूर. फुटबॉलच्या सीझनमध्ये शाहू स्टेडियमला पेठांची मॅच असेल तर मात्र या भागातून रिक्षा काढायच्या भानगडीत पडू नका, हलगी, झेंडे, आणि तुमचा संघ पाटाकडील का दिलबहार असं कुणी विचारलंच तर आपण कोकणातले, आपल्याला कळत नाही म्हणायचं.

खाण्याचं वेगळं लिहिण्यासारखं आहे पण थोडक्यात. मिसळ सकाळी खायची, दुपारी नाही. फडतरेंची उद्यमनगरात, रांग असते, पाव नाही, ब्रेडच्या स्लाईस येतात, कट पाहिजे तेवढा मागा. मला आवडली, बाबांना कट झेपला नाही, त्यांनी दही मागितलं तर वाढणाऱ्याने असं बघितलं की. तांबडा-पांढरा कुठल्याही बऱ्या खानावळीत चांगला मिळतो, पांढरा आधी प्या आणि तांबड्याला घाई करू नका. मासे खाऊ नका. इथं मासे मिळत नाहीत असं नाही, पण कणकवलीहून तीन तास एसटीत बसून कोल्हापुरात सुरमई थाळी मागवणाऱ्या माणसाचं काय करायचं, बाबांनी मागवली, आणि मग पूर्ण जेवणभर "ही खयची सुरमई" चालू होतं. शाकाहारी असाल तर लोणी डोशाच्या गाड्या बघा. आणि रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा, म्हैस समोर उभी असते, धार काढतात, पितळी नाही तर स्टीलच्या ग्लासात फेसासकट गरम दूध, आजूबाजूला तालमीतली पोरं एका दमात ग्लास रिकामा करतात आणि आपण चौथ्या घोटाला थांबतो. मला दुधाचं विशेष नाही तरी पण परत गेले.

रंकाळा संध्याकाळी सहानंतर. ताराबाई रोडने देवळापासून चालत वीस मिनिटं, परत येताना पोट भरलेलं असतं त्यामुळे तीस. एकटीने रात्री नऊ-साडेनऊपर्यंत या सगळ्या भागात चालताना मला कधी भीती वाटली नाही, पेठांतून माणसं बाहेर कट्ट्यावर बसलेली असतात, बायका पण. दहानंतर स्टँडच्या मागच्या गल्ल्या मात्र टाळते.

कोर्टाच्या मधल्या सुट्टीत कंटाळा आला तर टाऊन हॉलचं म्युझियम तिथंच बागेत आहे. फार कमी लोक येतात. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खणलं तेव्हा सापडलेल्या वस्तू आहेत, त्यातच समुद्रदेव पोसायडनची छोटीशी ब्राँझची मूर्ती, रोमन काळातली. समुद्रावरून घाट चढून इथपर्यंत कुणीतरी आणलेली. बाबा म्हणाले, "त्याची पण तारीख आसतली." आमच्या वकिलांना सांगितलं तर ते पण हसले, आणि ते सहसा हसत नाहीत.

पावसाळ्याचं सांगायलाच पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये यायचं तर घरून निघायच्या आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा, रोज बातम्यांत असते. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ ला व्हीनस कॉर्नरपर्यंत पाणी आलं होतं, म्हणजे स्टँड आणि दसरा चौक यांच्या बरोबर मधे, शिरोलीला हायवे बंद. आपल्या बाजूला तर त्याच्या आधीच मांडुकलीला पाणी येऊन गगनबावडा रस्ता बंद होतो. तारीख असेल तर वकिलांना फोन करून विचारा, उगाच घाट चढून येऊ नका. पुण्याकडून गाडीने येणाऱ्यांना पावसाळा असो नसो सातारा-कागल रुंदीकरणाचं काम आहेच, डायव्हर्जन इतकी आहेत की मॅप पण गप्प बसतो, त्यापेक्षा रेल्वे बघा, पुण्याहून वंदे भारत पण आहे आठवड्यातले तीन दिवस.

परतीचं सांगून थांबते. सामान लॉजवरच ठेवून कोर्ट उरकायचं, मग तिथून सीबीएसला न जाता रंकाळा स्टँडला जायचं, गाडी लागायला वेळ असेल तर समोर कणीस मिळतं. सीट हवी असेल तर सीबीएसहूनच बसावं लागतं हे पण खरं आहे, म्हणजे बाबा बरोबर असले की सीबीएस, एकटी असले की रंकाळा. आणि पावसात संध्याकाळ झाली असेल, घाटात धुकं आहे असं कंडक्टर म्हणत असेल तर सरळ एक रात्र अजून राहा, मंगळवार किंवा शुक्रवार नसेल तर.